सवाईचं वातावरण खरंच बदललंय का? सोलापूरहून पहिल्यांदाच जायलोय

अक्कलकोट_रोड

नमस्कार मंडळी. वय २५, सोलापूर. सहा वर्षं झाली पेटी शिकतोय, भजनी मंडळात साथ करतो. सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव आजवर फक्त मोबाइलवर, तुकड्या-तुकड्यांत ऐकलाय. यंदा डिसेंबरात जायचंच असं ठरवलं आणि घरी सांगितलं, तर मामा म्हणाले, "आता कशाला जातोस? खरं सवाई कधीच संपलं. आता नुसती गर्दी आणि खाणं." मामांनी रात्र-रात्र बसून ऐकलेलं आहे, त्यामुळे त्यांचं बोलणं मनाला लागलं.

इथं वर्षानुवर्षं जाणारे कुणी असतील तर सांगा. नेमकं काय बदललं? माणसं बदलली, गाणं बदललं, की आपलं वय वाढल्यावर सगळंच पूर्वीचं चांगलं वाटायला लागतं? आणि कारखान्यात सुट्टी मोजून मिळते. पाचही दिवस जावं की दोनच पुरेत?

नवी_पेठ

तुझे मामा बरोबर बोलले. मी दोन वर्षांपूर्वी गेलो होतो. माझ्या पुढच्या रांगेतले चौघं विलंबित, म्हणजे संथ लयीतलं गाणं, सुरू झालं की उठायचे आणि द्रुत, म्हणजे जलद, सुरू झालं की हातात वडापाव घेऊन परत यायचे. त्यातल्या एकानं पूर्ण तराणा मोबाइल उंच धरून रेकॉर्ड केला. त्याच्या मागं बसलेल्या मला गायक त्या छोट्या पडद्यातूनच बघावा लागला. घरी बसून नीट ऐकलेलं बरं.

विजापूर_वेस

बाळा, मी १९९४ पासून जातोय. तेव्हा चादरीच्या दुकानात कामाला होतो, आता घरीच असतो. तुझ्या मामांचं दुःख मला कळतं, पण त्यांनी सांगितलेलं कारण मला पटत नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सवाई १९५३ साली सुरू झालं. गुरू सवाई गंधर्व १९५२ मध्ये गेले आणि त्यांच्या स्मरणार्थ भीमसेनजींनी पुण्यात हे काम हाती घेतलं, आर्य संगीत प्रसारक मंडळातर्फे. मी जायला लागलो तेव्हा ते रमणबागेत, न्यू इंग्लिश स्कूलच्या मैदानावर व्हायचं. तीन रात्री. रात्री सुरू व्हायचं ते दुसऱ्या दिवशी ऊन वर येईपर्यंत.

आता आमच्यासारख्याचा हिशेब बघ. दुकान बंद करून दुपारची एसटी धरायची, रात्री स्वारगेटला उतरायचं, तिथून चालत रमणबाग. रात्रभर गाणं. सकाळी पुन्हा स्वारगेट आणि गाडीत झोप. लॉज लागत नव्हता. अंगावर सोलापुरी चादर, पिशवीत कडक भाकरी आणि शेंगा चटणी. मंडप हेच झोपायचं ठिकाण आणि तेच गाण्याचं. एसटीचं भाडं आणि भारतीय बैठकीचं, म्हणजे खाली जमिनीवर बसायचं, तिकीट एवढ्यावर आमचं सवाई व्हायचं. कोल्हापूर, सांगली, बेळगाव, हुबळी, धारवाड, गुलबर्गा, सगळीकडून माणसं अशीच यायची. त्यात शिक्षक, पोस्टातले, शेतकरी, आमच्यासारखे दुकानातले असायचे.

डाव्या बाजूच्या खांबापाशी माझी जागा ठरलेली होती. दुसऱ्या वर्षी तिथं धारवाडचे एक शाळामास्तर भेटले. नेसून धोतर, गळ्याला मफलर, अंगावर पातळ शाल. पहाटे तीननंतर पुण्याची थंडी जमिनीतून वर येते, सतरंजीतून आरपार. मास्तर कुडकुडायला लागले. माझी चादर डबलबेडची, मोराच्या नक्षीची. अर्धी त्यांच्या अंगावर टाकली. त्यांना मराठी जेमतेम, पण मला कानडी येतं, आमच्या गल्लीत सगळेच बोलतात. ते कानात सांगायचे, "आता निषाद बघा, कसा उशिरा लावतात." निषाद म्हणजे 'नी' हा सूर, मला तोवर तेही धड माहीत नव्हतं. सूर कसा ऐकायचा हे मला त्या माणसानं अर्ध्या चादरीत बसून शिकवलं. पुढं सात-आठ वर्षं आम्ही काही न ठरवता त्याच खांबापाशी भेटायचो. त्यांचा पत्ता मी कधी विचारला नाही. पुढच्या वर्षी भेटणारच असं वाटायचं.

मग ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाऊडस्पीकर बंद. नियम २००० चे, आणि २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते उचलून धरले. त्यापायी रात्रभराचं सवाई थांबलं. कार्यक्रम दुपारी-संध्याकाळी सुरू होऊन रात्री दहाला संपायला लागला, आणि तेवढंच गाणं बसवायचं तर दिवस वाढवावे लागले. तीन रात्रींचे पुढं चार-पाच दिवस झाले.

आता तोच हिशेब पुन्हा मांड. दहाला कार्यक्रम संपला की परगावच्या माणसानं जायचं कुठं? पाच दिवसांचं ऐकायचं तर चार रात्रींचा लॉज. पुण्यात दोन रात्री राहायला जे पैसे जातात, त्यात इथं एका घराचा महिन्याचा किराणा येतो. शिवाय दुपारी तीनला गाणं सुरू होणार म्हणजे रजा सबंध दिवसाची. पूर्वी निम्म्या दिवसाच्या रजेत एक अख्खी रात्र मिळायची. मास्तर यायचे थांबले ते त्यानंतरच. त्यांच्याबरोबर हळूहळू कर्नाटकातली अर्धी बैठक कमी झाली. तुझे मामासुद्धा जायचे थांबले असतील तर त्यांना विचार, गाणं आवडेनासं झालं म्हणून थांबले की राहायची सोय नाही म्हणून? ज्याचं घर मंडपापासून अर्ध्या तासावर आहे त्याला आता सवाई सोपं झालं. तो ऑफिसातून सहाला सुटून येतो, भूक लागलेली असते, पहिल्यांदा स्टॉलवरच जाणार. त्याला मी दोष देत नाही. पण वातावरण बदललं म्हणतात ते इथं बदललं.

दुसरा बदल रागांचा, आणि तो मला जास्त जाणवतो. रात्रभराच्या मैफलीत मालकंस, दरबारी ऐकून झालं की मध्ये एक पोकळी यायची. लोक चहा घ्यायचे, काही तिथंच आडवे व्हायचे. मग पहाटे कुणीतरी ललत सुरू करायचं. झोपलेली माणसं एकेक करून उठून बसायची, कुणी कुणाला हलवलेलं नसायचं. मंडपाच्या कापडातून उजेड आत यायला लागला की भटियार, मग तोडी. शेवटच्या सकाळी पंडितजी, म्हणजे भीमसेनजी. हे रेकॉर्डवर ऐकून कळत नाही, कारण रेकॉर्ड ऐकताना आदल्या रात्रीचा थकवा अंगात नसतो. ते पहाटेचे राग सवाईतून गेले.

पण सगळंच गेलं असं सांगितलं तर खोटं होईल. दुपारी सुरू होतं म्हणून मुलतानी, भीमपलास, पटदीप पोटभर ऐकायला मिळतात. बरोबर सूर्य मावळायला मारवा किंवा पूरिया लागतो. रात्री सुरू होणाऱ्या सवाईत हे कुठं होतं? रविवारी लवकर सुरू झालं तर एखादा सारंग. मारवा खऱ्या संध्याकाळी मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला तो या नव्या वेळांमुळेच.

२०१८ पासून महोत्सव मुकुंदनगरला, महाराष्ट्रीय मंडळाच्या मैदानावर होतो. २०२० आणि २०२१ ला कोरोनामुळं झालाच नाही. २०२२ ला पुन्हा सुरू झाला तेव्हा मी गेलो. बैठकीतली पांढरी डोकी खूप कमी झालेली दिसली. ती दोन वर्षं कुठं-कुठं काय करून गेली ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे. मी बराच वेळ नुसता माणसंच बघत बसलो होतो. शेजारी एक मुलगी, असेल वीस-एकवीसची. विलंबित एकताल चालला होता आणि ती मांडीवर बोटांनी मात्रा मोजत होती. फोन पिशवीत. सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, आली की तिची मान आपोआप खाली. तासभर ती जागची हलली नाही. मध्यंतरात मी विचारलं, कुठनं आलीस? म्हणाली, परभणी. मैत्रिणीच्या होस्टेलवर राहिली होती. मास्तरांची आठवण आली.

नवी_पेठ, तुम्ही सांगता ते चौघं मीही बघितलेत. पण तुम्ही त्यांच्या मागं बसलात, मी या मुलीच्या शेजारी बसलो. एकाच मंडपात.

सात_रस्ता_ताई

काका, डोळ्यांत पाणी आलं वाचून. पण एक बाजू राहिली, ती मांडते.

माझं लग्नाआधीचं सगळं वय तुमच्या त्या रात्रभराच्या सवाईच्या काळात गेलं. मी संगीत विशारदच्या परीक्षा देत होते आणि माझ्या भावाला गाण्यातलं ओ का ठो कळत नव्हतं. तो मित्रांबरोबर दोनदा जाऊन आला. मला घरून उत्तर एकच, "मुलीच्या जातीनं रात्रभर परगावी मंडपात बसायचं?" तुम्हाला लॉज लागत नव्हता म्हणून सोपं होतं, आणि नेमकं तेच आम्हाला अवघड होतं. पहिलं सवाई मी ऐकलं ते वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, दहाला संपायला लागल्यावर, पुण्यात नणंदेकडे राहून. प्रभाताई अत्रेंना समोर बसून ऐकलं. महोत्सवाचा समारोप वर्षानुवर्षं त्या करायच्या, २०२४ च्या जानेवारीत गेल्या. वेळ बदलली नसती तर मी त्यांना कधीच प्रत्यक्ष ऐकलं नसतं.

ललत मीही नाही ऐकला तसा, आणि त्याची हळहळ आहेच. पण बैठकीत आता निम्म्या बायका दिसतात, एकेकट्या आलेल्या, घरी न विचारता. ते मला हवं आहे.

अक्कलकोट_रोड, तुला कामाचं सांगते. वंदे भारत सकाळी सहाच्या सुमारास सोलापूरहून निघते आणि नऊपर्यंत पुण्यात. पण परतीला ती पुण्याहून संध्याकाळी सातच्या सुमारास सुटते, म्हणजे मुख्य कलाकार ऐकायचे राहतात. हुतात्मा एक्सप्रेस त्याच्याही आधी. परतीला सिद्धेश्वर एक्सप्रेस धर, ती मध्यरात्रीनंतर दोनच्या सुमारास पुण्यात येते. दहाला कार्यक्रम संपतो, चार तास स्टेशनवर काढायचे. तू मुलगा आहेस, काढशील. आणि सकाळी मोकळा असशील तर शिवाजीनगरला सवाई गंधर्व स्मारकात 'षड्ज' नावानं संगीतावरचे माहितीपट दाखवतात आणि 'अंतरंग'मध्ये कलाकारांच्या मुलाखती होतात. तिथं गर्दी कमी आणि येणारा माणूस ऐकणाराच असतो.

साउंडवाला_सोलापूर

मी स्पीकर लावायचं काम करतो, गणपती, लग्न, सभा सगळं. नियमाबद्दल थोडं. दहाची बंदी उघड्या जागेवरच्या स्पीकरला आहे. बंद सभागृहात, आवाज आतल्या आत राहत असेल तर ती लागू नाही. कोलकात्याचं डोव्हर लेन संमेलन सभागृहात होतं, रात्रभर चालतं. शिवाय राज्य सरकारला वर्षातले काही दिवस बारापर्यंत सवलत देता येते. सवाईला अशी एका दिवसाची परवानगी मिळते, बहुतेक शनिवारी. दोनच दिवस जाणार असशील तर शनिवार-रविवार धर.

आणि काका, तुमचं वाचून एक डोक्यात आलं. आपल्या हुतात्मा स्मृती मंदिरात एक रात्र कुणी गाणं ठेवलं, रात्री दहा ते सकाळी सात, तर स्पीकर मी फुकट लावीन. खरं तर तेवढ्या हॉलला चांगला गायक असेल तर दोन माइक पुरतात. सोलापुरात गाणारी, शिकवणारी माणसं आहेत. ललत ऐकायला पुण्यालाच जायला पाहिजे असं कुठंय?

विजापूर_वेस

ताई, हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. खांबापाशी बसलेली सगळी आम्ही पुरुषच होतो, आता आठवून बघतोय तर एकही बाई डोळ्यांपुढं येत नाही. नवऱ्याबरोबर आलेल्या असतील, त्या खुर्च्यांकडे. तुमचं म्हणणं बरोबर आहे.

साउंडवाले भाऊ, मला मेसेज करा. मी मनापासून म्हणतोय. चहा आणि सतरंज्यांचं मी बघतो, चादरी तर आपल्या गावात मागायला जायची गरज नाही.

अक्कलकोट_रोड

काका, ताई, सगळ्यांचे आभार. काल मामांना काकांचा प्रश्न विचारला. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, शेवटचे गेले त्या वर्षी दहाला बाहेर पडल्यावर जवळपासच्या लॉजवाल्यानं दुप्पट भाडं सांगितलं, म्हणून ते आणि त्यांचे मित्र स्वारगेटच्या बाकावर सकाळपर्यंत बसले. पहाट झाली तेव्हा मित्र म्हणाला, "आत्ता ललत लागला असता." त्यानंतर दोघंही गेले नाहीत.

मी शनिवार-रविवारचं ठरवलंय. रविवारच्या रात्रीचं सिद्धेश्वरचं तिकीट काढलं, दोन काढली. मामा येतायत. ते म्हणाले, शेवटी सवाई गंधर्वांच्या भैरवीची ध्वनिमुद्रिका लावतात तोवर उठायचं नाही, एवढं कबूल कर. कबूल केलं.

काका, तुम्ही यंदा असाल तर कुठं बसता?

विजापूर_वेस

मुकुंदनगरला तो खांब नाही. भारतीय बैठकीत, व्यासपीठाच्या डाव्या हाताला, मधल्या वाटेपासून थोडं आत. मोराची निळी चादर. मामांना म्हणावं, पातळ शाल आणली तरी चालेल.