आय३-२१०० काढून नवा प्रोसेसर बसेल काय?

खानापूरकर: माझं झेरॉक्स अन् टायपिंगचं दुकान आहे, पीसी आय३-२१००, एच६१ मदरबोर्ड, ४ जीबी रॅम. नुडीत (कन्नड टायपिंगचं सॉफ्टवेअर) कन्नड अर्ज, इकडं मराठी लग्नपत्रिका, दोन्ही एकदम उघडलं की अडकतंय बघा. आठव्या जनरेशनचा टाकला तर?

निपाणीकर: नाही बसायचा दादा, तुमच्या बोर्डाचं सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसायची जागा, ११५५ आहे, त्यात फक्त दुसरी-तिसरी जनरेशन चालते, चौथीलापण ११५० लागतंय. आय५-३४७० जुना बघा, चार कोअर. पण आधी जुना प्रोसेसर असतानाच बायॉस (पीसी सुरू करणारं बोर्डातलं सॉफ्टवेअर) अपडेट करा, नाहीतर स्क्रीनच येत नाही, माझं तसंच झालेलं, दोन दिवस काम बंद, लई वाईट वाटलं. प्रोसेसरवरची थर्मल पेस्टपण (उष्णता बाहेर नेणारी) नवी लावा.

शहापूरकर: मी म्हणतो पहिलं एसएसडी (हार्डडिस्कपेक्षा वेगवान ड्राइव्ह) अन् ८ जीबी रॅम टाका की, रॅम डीडीआर३ प्रकारचीच घ्या. अर्धा त्रास तिथंच जातोय. विंडोज ११ मात्र अधिकृतपणे यावर चालत नाही, तिसऱ्या जनरेशनवरपण नाही.

खानापूरकर: बरं झालं विचारलं, एसएसडीच घेतो आधी. बायॉसचं कुणाला येतंय काय बेळगावात?