मदत हवी आहे : दुबईत नववीला सीबीएसई की ब्रिटिश शाळा?

आम्ही रत्नागिरीचे. यजमानांची नोकरी दुबईत असून येत्या उन्हाळ्यात मी मुलीसह तिकडे जाणार आहे. ती सध्या राज्य मंडळाच्या आठवीत, सेमी-इंग्रजी वर्गात आहे; गणित आणि विज्ञान इंग्रजीतून शिकते, पण इतिहासाची उत्तरे मराठीतच लिहिते. तिकडच्या सीबीएसई शाळांचे वर्ष एप्रिलमध्ये, म्हणजे इकडचा निकाल हाती येण्याआधीच सुरू होते. ब्रिटिश शाळांचे ऑगस्टअखेरीस, आणि तिथला आयजीसीएसई (आपल्या दहावीच्या तोडीचा) तर सलग दोन वर्षांचा अभ्यासक्रम.

केएचडीए या दुबईच्या शाळा-नियामक संस्थेचे तपासणी अहवाल वाचले, शाळांना ईमेलही केले. शुल्काचे तक्ते तेवढे तत्परतेने आले. कंपनी निम्मेच शुल्क देणार असल्याने आयबी या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या महागड्या शाळा बाद. करार संपल्यावर आम्ही परतणार आहोत आणि मुलीला वैद्यकीय शिक्षण घ्यायचे आहे. त्यासाठीच्या ८५ टक्के राज्य कोट्याला (राज्यातल्या विद्यार्थ्यांसाठीच्या जागांना) दहावी-बारावी महाराष्ट्रातूनच लागते, आणि यजमान खासगी नोकरीत असल्याने शासकीय कर्मचाऱ्यांच्या मुलांची सवलत नाही, ही खरी मेख.

सेमी-इंग्रजीतून गेलेल्या मुलांना मे महिन्यात सीबीएसईच्या नववीत प्रवेश मिळाला का, प्रवेशपरीक्षा कोणत्या विषयांची झाली, आणि कोट्याचा विचार करता तिला दहावीपर्यंत इथेच आजीकडे ठेवणे श्रेयस्कर ठरेल का?