पान उलटत होतो, आता सरकवतो : वाचनाचे तुमचे अनुभव सांगा

माळ्यावरची पुस्तकं उतरवताना आईच्या एका जुन्या दिवाळी अंकात किराणा दुकानाची पावती सापडली. खूण म्हणून घातलेली. साखर, शेंगदाणे, कपड्याचा साबण. आई तिथपर्यंत पोचली होती. पुढचं वाचलं होतंस का, हे विचारायला आता ती नाही. पण ती जिथे थांबली ते पान माझ्या हातात होतं. तिथून पुढची कथा मी शिडीवर बसूनच वाचून संपवली.

त्या रात्री टॅबलेट उघडला आणि माझी स्वतःची पुस्तकं पाहिली. अर्धवट राहिलेली सतरा निघाली. प्रत्येकाखाली आकडा: 14 टक्के, 31 टक्के, 8 टक्के. पूर्वी वाचनालयातून एका वेळी एक पुस्तक आणि एक मासिक मिळायचं. आवडो न आवडो, परत करेपर्यंत घरात तेच असायचं. त्यामुळे सुरुवातीची चाळीस पानं जड गेलेली कितीतरी पुस्तकं मी शेवटपर्यंत वाचली आणि त्यातली काही आयुष्यभर पुरली. आता जरा कंटाळा आला की बोट दुसरीकडे जातं.

माझा बदल नेमका कधी झाला ते मला सांगता येतं. 2020 च्या मार्चअखेरीस टाळेबंदीत आमच्याकडे पेपर येणं बंद झालं. मुलानं ई-पेपर लावून दिला. दोन बोटांनी बातमी मोठी करायची, ओळ संपली की पान ओढायचं, पुढची ओळ शोधायची, असं चालायचं. पुढे पेपर पुन्हा सुरू केला, पण तोवर सकाळी सहाला फोन हातात घ्यायची सवय लागून गेली होती. आता पेपर दारात पडतो तेव्हा त्यातलं निम्मं मला आधीच ठाऊक असतं. शब्दकोडं मात्र कागदावरच सोडवते, पेन्सिलीनं.

तुमचं कसं झालं? कागद चांगला की पडदा, यावर मतं नकोत. काय हातातून सुटलं, काय नव्यानं मिळालं, तो प्रसंग लिहा.

*

ग्रंथपाल, सातारा जिल्हा

ताई, मी तालुक्याच्या 'ब' वर्ग ग्रंथालयात पंचवीस वर्षं आहे. म्हणून माझा अनुभव टेबलाच्या अलीकडून दिसलेला.

पुस्तकाच्या शेवटच्या पानावर आम्ही तारखेची चिठ्ठी चिकटवतो. आमच्याकडच्या एका ऐतिहासिक कादंबरीला शिक्के मारायला जागा पुरेना, म्हणून एकावर एक तीन चिठ्ठ्या लावल्या आहेत. तिचं बायंडिंग दोनदा झालं. तिसऱ्या चिठ्ठीवर गेल्या पाच वर्षांत चार शिक्के आहेत. रोज संध्याकाळी देवघेवीचा आकडा लिहिताना हात जड होतो, हे खरं आहे.

पण वाचनालय ओस पडलंय असं म्हणाल तर ते तितकंच खोटं. मागच्या खोलीतली अभ्यासिका सकाळी सातला भरते. स्पर्धा परीक्षेची मुलं-मुली आजूबाजूच्या गावांतून येतात. प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये पीडीएफचे ढीग. आणि गंमत वाटेल, पण परीक्षा दोन महिन्यांवर आली की तीच मुलं त्या पीडीएफ झेरॉक्सच्या दुकानात नेऊन छापून आणतात, स्पायरल घालून घेतात आणि हायलायटर घेऊन बसतात. एका मुलीला विचारलं तर म्हणाली, "मॅडम, मोबाईलवर वाचलेलं कळतं, पण पेपरात आठवत नाही. कागदावरचं आठवतं, कारण ते कुठल्या पानावर, कुठल्या कोपऱ्यात होतं ते दिसतं."

दिवाळी अंकांची योजना अजून चालते. का. र. मित्रांनी 1909 साली 'मनोरंजन'चा अंक काढला तेव्हापासूनची ही परंपरा, ती आमच्या गावात बायकांनी धरून ठेवली आहे. भाऊबीज झाली की नंबर लागतात. कुणाकडे कुठला अंक आहे हे मला रजिस्टर न बघता सांगता येतं, कारण त्या एकमेकींकडून परस्पर बदलून घेतात.

*

डोंबिवली

थोडक्यात लिहितो. लोकलमध्ये पेपर वाचायचा तर आधी उभी घडी घालायची, मग आडवी, आणि एका हातात मावेल एवढा एकच रकाना समोर धरायचा. दुसरा हात वर कडीला. हे मला वडिलांनी शिकवलं. आमच्या ग्रुपमध्ये एकच जण पेपर आणायचा आणि मुलुंड येईपर्यंत त्याची पानं वाटली जायची. खेळाचं पान एकाकडे, अग्रलेख दुसऱ्याकडे. अनोळखी माणूसही "मधलं पान देता का" म्हणायचा आणि उतरताना परत करायचा.

आता सगळे वाचतातच, माना खाली घालून. मीही वाचतो, पूर्वीपेक्षा जास्तच वाचत असेन. फक्त शेजाऱ्याकडे मागावं असं त्याच्या हातात काही नसतं.

*

जर्मनी, 1999 पासून

इकडे आले तेव्हा विमानाला ठरावीक वजनाची बॅग आणि दर वेळी तोच प्रश्न: पुस्तकं न्यायची की भाजणी. आई भाजणी काढून ठेवायची, बाबा पुस्तकं, आणि मी निघायच्या आदल्या रात्री दोघांच्या मध्ये वजनकाटा घेऊन बसायचे.

इंटरनेटवर मराठी वाचायचं म्हणजे तेव्हा दिव्य होतं. प्रत्येक वर्तमानपत्राचा फॉन्ट वेगळा. तो उतरवून घेतला नाही तर पडद्यावर नुसती रोमन अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसायची. ऑफिसच्या संगणकावर फॉन्ट टाकायची परवानगी नव्हती, म्हणून तीन वर्षं मी मराठी बातम्या फक्त शनिवारी घरी वाचल्या. युनिकोड, म्हणजे सगळ्या संगणकांवर चालणारी अक्षरांची एकच पद्धत, आलं आणि विंडोजमध्ये र. कृ. जोशींनी घडवलेला 'मंगल' फॉन्ट मिळाला, त्या दिवशी ऑफिसात बसून एक पूर्ण लेख वाचला. कुठला होता ते आठवत नाही, पण आपली अक्षरं तिथे आपोआप उमटलेली पाहून डोळे भरून आले होते.

2016 च्या अखेरीस किंडलवर मराठी पुस्तकं येऊ लागली आणि बॅगेत भाजणीला कायमची जागा झाली. मुलगा इथेच जन्मला. तो अक्षर मोठं करून सावकाश वाचतो. अडलेला शब्द आम्ही मोल्सवर्थच्या 1857 च्या कोशात शोधतो, तो शिकागो विद्यापीठानं सगळ्यांना खुला ठेवलाय. पुण्यात असताना माझ्या घरी हा कोश नव्हता, इथे स्वयंपाकघरातल्या टेबलावर उघडता येतो.

सुटलं ते एकच. आवडलेलं पुस्तक मैत्रिणीला देता येत नाही. "तूही विकत घे" असं सांगावं लागतं, आणि ते देण्यासारखं नाही.

*

जिल्हा परिषद शिक्षक, बीड जिल्हा

शहरात पडदा म्हणजे मुलांच्या हातातून काढून घ्यायची गोष्ट. आमच्याकडे तो मिळतच नव्हता. कोरोनात शाळा बंद झाल्या तेव्हा वर्गातल्या एकतीस मुलांमध्ये स्मार्टफोन अकरा घरांत होता, आणि तो बाप रानात घेऊन जायचा. मी बालभारतीच्या पुस्तकांची पीडीएफ पाठवायचो. ती उघडायची रात्री आठनंतर, बाप घरी आल्यावर. एका पोरीच्या फोनची काच वरून खालपर्यंत तडकलेली होती. ती मला म्हणायची, "सर, भेगेच्या डाव्या बाजूचं वाचता येतं, उजव्या बाजूचं अंदाजानं." तिनं सहावीचं अर्धं मराठीचं पुस्तक तसं वाचलं. दुसऱ्या गल्लीतल्या मुलीचं पुस्तक आणून दिलं तर ते तिनं दोन दिवसांत संपवून परत केलं.

तरीही त्याच फोननं मला एक मोठी गोष्ट दिली. 'किशोर' मासिक 1971 पासून निघतंय. माझ्या लहानपणी ते गावात एकाच घरी यायचं, तेही वेळेवर नाही. त्याचे जुने अंक आता नेटवर फुकट वाचायला आहेत. मी त्यातल्या गोष्टी मोठ्या अक्षरात छापून घेतो आणि वर्गात सुतळी बांधून चिमट्यांनी लटकवतो. मधल्या सुट्टीत पोरं तिथं उभ्या उभ्या वाचतात. ऊसतोडीला आईबापाबरोबर जाणारी मुलं दिवाळीनंतर निघताना चार-चार कागद मागून नेतात. मी देतो. परत येत नाहीत, आणि मी मागतही नाही.

*

मुद्रितशोधक, कोल्हापूर

चाळीस वर्षं मुद्रितं तपासतो आहे. खिळे जुळवायचे त्या काळात छापखान्यातून ओल्या शाईच्या गॅल्या यायच्या, हात काळे व्हायचे. आता फाइल येते. प्रामाणिकपणे सांगतो, पडद्यावर मला चूक दिसत नाही. 'पाणी'चा 'पाणि' झालेला असतो आणि डोळा पुढे निघून जातो. तीच पानं छापून घेतली, ओळीखाली पट्टी धरली, की पट्टीच्या कडेवर ऱ्हस्व वेलांटी खुपते. पडद्यावर नजर उतरणीला लागल्यासारखी धावते, आणि माझं काम तिला थांबवण्याचं आहे. प्रकाशक म्हणतात, कागद कशाला वाया घालवता. मी प्रिंट माझ्या खर्चानं काढतो.

*

नागपूर

ताई, काय सुटलं असं तुम्ही विचारलंत. माझं मात्र सगळं मिळालेलंच आहे.

मी जन्मापासून पूर्ण दृष्टिहीन आहे. शाळेत ब्रेल शिकलो, पण एका कादंबरीचे ब्रेलमध्ये चार-पाच जाडजूड खंड होतात, आणि मराठीत ती होती तरी किती? बाकी सगळं वाचन म्हणजे दादा. कॉलेजातून आला की तो मला वाचून दाखवायचा. त्याला वेळ असेल तेव्हा माझं वाचन, त्याला झोप आली की माझं पुस्तक बंद. तक्रार करत नाही, त्यानं माझ्यासाठी हजारो पानं वाचली.

2012 साली कॉपीराइटच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि आमच्यासारख्यांसाठी पुस्तकं सुलभ स्वरूपात आणायला वाट मोकळी झाली. 2016 मध्ये सुगम्य पुस्तकालय हे आमच्यासारख्यांसाठीचं ऑनलाइन ग्रंथालय सुरू झालं. फोनवरचा टॉकबॅक, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारी सोय, मराठी बोलायला लागला. एक दिवस मी दादानं वाचून दाखवलेली एक कादंबरी फोनवर पुन्हा लावली, कानात इअरफोन घालून, रात्री दोन वाजता. अर्ध्यावर एक प्रकरण लागलं जे मी कधीच ऐकलं नव्हतं. त्यात मुलाची आई जाते. दादानं ते सगळंच्या सगळं गाळलं होतं. आम्ही ती वाचत होतो त्या वर्षी आमची आई दवाखान्यात होती.

ते प्रकरण मी तीनदा ऐकलं. सकाळी दादाला फोन केला. तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "मलाच वाचवत नव्हतं रे."

पडद्यानं मला हे दिलं: एकट्यानं, हव्या त्या वेळी, काहीही न गाळता वाचणं. एक विनंती मात्र आहे. जुनी मराठी पुस्तकं स्कॅन करणारे खूपजण आहेत, त्यांचे उपकार आहेत. पण त्या पीडीएफ म्हणजे पानांचे फोटो असतात. माझा फोन म्हणतो, "पान एक, चित्र. पान दोन, चित्र." तीनशे पानांचं पुस्तक हातात असतं आणि त्यातलं एक अक्षरही मला वाचता येत नाही.

*

ठाणे

नागपूरच्या दादांचं वाचून काल रात्री झोप लागली नाही. मी निवृत्त झाल्यापासून आजोबांच्या कपाटातली जुनी पुस्तकं स्कॅन करतोय. लेखक जाऊन साठ वर्षं उलटली, हक्क संपले, अशीच घेतो. जुना टाइप, वेलबुट्टी, पानांचा पिवळेपणा जपावा म्हणून पानांचे चांगले फोटो काढत आलो. हे कुणाला ऐकून वाचायचं असेल, हा विचार माझ्या मनात एकदाही आला नव्हता.

रात्रीच तीन पानं गूगल ड्राइव्हवर चढवली आणि गूगल डॉक्समध्ये उघडली. मजकूर आला. पण 'घ'चा 'ध' होतो, 'भ'चा 'म' होतो, जोडाक्षरं फुटतात. तीन पानं दुरुस्त करायला चाळीस मिनिटं लागली, आणि तरीही काही राहिलं असणार. कोल्हापूरचे काका, तुम्ही एक नजर टाकाल का?

*

मुद्रितशोधक, कोल्हापूर

पाठवा. अक्षर मोठं ठेवा, मी प्रिंट काढूनच तपासणार. एक गोष्ट लक्षात घ्या: 1962 चे लेखननियम येण्याआधीची छपाई असेल तर शब्दाशब्दावर न उच्चारले जाणारे अनुस्वार असतील. छापलेलं तसंच ठेवायचं ही माझी शिस्त, पण फोन ते अनुस्वार उच्चारत असेल तर ऐकणाऱ्याला त्रास होईल. नागपूरच्या दादांनी एक पान ऐकून सांगावं. लागलं तर दोन प्रती करू, एक डोळ्यांसाठी आणि एक कानांसाठी. आठवड्याला वीस पानं माझ्याकडून नक्की होतील.