मदत हवी: स्तनाच्या टिश्यूचा एफटीआयआर, 2000 च्या खाली नुसता गोंगाट

बाळे_नाका: अर्जंट. गाठीच्या आणि शेजारच्या निरोगी टिश्यूच्या कापांवर एफटीआयआर (कुठले इन्फ्रारेड किरण शोषले जातात त्यावरून रेणू ओळखणं) घेतोय. 2920, 2850 सेमी⁻¹ चे पीक सुरेख, पण 2000 च्या खाली कचरा. प्रथिनांचा अमाइड 1 पीक नाहीच. 256 स्कॅन केले तरी तेच. गोंगाट काढायला कोणतं सॉफ्टवेअर?

तळ्याकाठचा: सॉफ्टवेअर नंतर. ट्रान्समिशन (किरण कापातून आरपार) की एटीआर (नमुना स्फटिकावर दाबून)? काप कशावर?

बाळे_नाका: ट्रान्समिशन. पॅथॉलॉजीतली नेहमीची स्लाइड, 4 मायक्रॉन. त्याचा काय संबंध?

तळ्याकाठचा: सगळा संबंध तिथंच आहे बे. साधी काच 2000 सेमी⁻¹ च्या खाली किरण जाऊच देत नाही. डिटेक्टरपर्यंत काही पोचत नाही, मग हजार स्कॅन करा. अमाइड 1 (1650), अमाइड 2 (1545), फॉस्फेट (1240, 1080), सगळं काचेनं गिळलं. कॅल्शियम फ्लोराइडच्या चकतीवर 8 मायक्रॉनचा काप घ्या. ती साधारण 1000 पर्यंत चालते, त्याखाली बेरियम फ्लोराइड.

हळद_कुंकू: आणि काप घेण्यासाठी टिश्यूत भरलेलं मेण काढलं का?

बाळे_नाका: झायलीन, 5 मिनिटं.

हळद_कुंकू: एकदाच? मग तुमचे सुरेख पीक मेणाचेच धरा. ताजं झायलीन तीनदा, दर वेळी 10 मिनिटं, मग अल्कोहोल, मग वाळवणं. चकतीवर घेतल्यावर 1462 ला टोकदार पीक दिसला तर मेण उरलंय. आणि झायलीन चरबीही नेतं, तेव्हा चरबीचा 1740 चा पीक घटला म्हणून कॅन्सर, असं लिहू नका. चरबी बघायची तर फॉर्मलिन न लावलेला, गोठवलेला काप.

गिरणीवाले_काका: इन्फ्रारेड म्हणजे शिबिरातला थर्मल कॅमेरा ना? मग मॅमोग्राफी कशाला?

हळद_कुंकू: नाही काका. तो त्वचेची उष्णता बघतो, इथं रेणूंची कंपनं. थर्मोग्राफी मॅमोग्राफीला पर्याय नाही, असं अमेरिकेच्या औषध नियामक एफडीएनंही बजावलंय.

डायमंड_एटीआर: महागड्या चकत्या हव्यात कशाला? टिश्यू बसवलेल्या मेणाच्या ब्लॉकमधून 10 मायक्रॉनचे काप नळीत घ्या, मेण काढा, वाळवून एटीआरच्या डायमंडवर दाबा. झालं.

तळ्याकाठचा: काय झालं? नळीत गाठ, तंतू, चरबी सगळी मिसळ. कोलॅजेनचा (तंतूंमधल्या प्रथिनाचा) 1338 चा पीक कुणाचा, कसं कळणार? आधी लगतच्या एच-अँड-ई (पॅथॉलॉजीच्या नेहमीच्या रंगांनी रंगवलेल्या) कापावर पॅथॉलॉजिस्टकडून गाठ आखून घ्या, ब्लॉकमधून तेवढंच खरवडा.

डायमंड_एटीआर: मान्य. पण स्लाइडसकट दाबू नका, काच तडकेल.

बाळे_नाका: 12 पेशंट, प्रत्येकी 10 स्पेक्ट्रा घेणार. कॅन्सर ओळखणारं कॉम्प्युटर मॉडेल बनवायला 80 ट्रेनिंगला, 40 टेस्टला?

तळ्याकाठचा: कसेही वाटू नका. एका पेशंटचे सगळे स्पेक्ट्रा एकाच बाजूला. नाहीतर मॉडेल पेशंट ओळखायला शिकतं.

बाळे_नाका: बरं. चकती सोलापुरात कुठं मिळेल?

गिरणीवाले_काका: नवी पेठेत विचारा की.