जि. प. शाळेत परसबाग आणि स्वयंपाक शिकवायला जायचंय, सुरुवात कशी करू?

माणदेशी_काकू:
नमस्कार सगळ्यांना. मी माण तालुक्यात (जि. सातारा) राहते, बँकेतून निवृत्त झालेय, घरी परसबाग आहे आणि स्वयंपाकाची मनापासून आवड आहे. आमच्या गावातली जिल्हा परिषद शाळा सातवीपर्यंत आहे, पोरं साधारण साठ. शाळेच्या मागे गुंठा-दीड गुंठा जागा नुसती पडून आहे, तिथे काटेरी झुडपं माजलीत. शनिवारी सकाळची शाळा असते तेव्हा जाऊन पोरांना भाजी लावायला आणि तीच भाजी शिजवायला शिकवावं असं फार दिवसांपासून मनात आहे, पैसे वगैरे काही नकोत. पण शाळेत असं बाहेरच्या माणसाला येऊ देतात का, परवानगी कुणाची लागते? पाण्याची बोंब तर आमच्याकडे कायमच. आणि लहान पोरांच्या हातात सुरी, गॅस द्यायचा म्हटलं की मलाच धडकी भरते. कुणी असं काम केलं असेल तर सविस्तर सांगा ना.

गुरुजी_पालघर:
काकू, आधी तुमचं अभिनंदन, अशी माणसं शाळेला हवीच आहेत. मी जि. प. शिक्षक आहे, डहाणू भागात. परवानगीसाठी मुख्याध्यापकांना एक साधा अर्ज द्या आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत विषय घ्यायला सांगा, समितीत पालकच जास्त असतात त्यामुळे तिथे ठराव झाला की पुढे कुणी अडवत नाही. ओळखपत्राची झेरॉक्स, कधी कधी पोलीस पडताळणी मागतात, ती आनंदाने द्या, पोरांच्या सुरक्षिततेसाठीच आहे ते. वर्गात कायम एक शिक्षक सोबत असू द्या. पोरांचे फोटो शाळेला न विचारता कुठेही टाकू नका.

परसबाग ही काही आपली हौस म्हणून वरून लादायची गोष्ट नाही, हे मुख्याध्यापकांना सांगायला एक आधार देतो: केंद्राने 2019 मध्ये शाळांमधल्या पोषण परसबागांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्यात आणि त्यातली भाजी पोषण आहारातच वापरायची असं त्यात आहे. म्हणजे तुमचं काम शाळेच्या कामातच बसतं.

आता हिशोब. पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज 50 ग्रॅम भाजी धरलेली असते आणि सहावी ते आठवीला 75. साठ पोरं म्हणजे रोज तीन किलोच्या वर. गुंठाभर जागेतून रोज एवढी निघणार नाही, तसं वचन कुणाला देऊ नका, नाहीतर महिन्याभरात सगळे नाराज. आठवड्यातून एखाद-दोनदा आमटीत आपला पालक, खिचडीत आपला शेवगा पडला तरी पोरं ताट चाटून पुसून खातात, आमच्याकडे हे दर वर्षी दिसतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, पहिल्या दिवशी पोरांच्याही आधी शाळेत जेवण बनवणाऱ्या ताईंना भेटा. कुठली भाजी पोरं टाकून देतात, किती वाजता चूल पेटते, निवडायला किती वेळ लागतो हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. त्यांना विचारून लावलेली भाजीच पातेल्यात जाते. आधीच कमी मानधनात राबतात त्या, त्यांचं काम वाढेल असं काही करू नका, उलट शनिवारी पोरांनी मेथी निवडून दिली तर त्यांना हातभारच.

परसदार_७२:
गुरुजींनी परवानगीचं सांगितलं, मी मातीचं सांगतो. काकू, शाळेची बाग घरच्यासारखी नसते कारण तिला सुट्ट्या असतात! दिवाळीची सुट्टी आणि मेची सुट्टी आधी कॅलेंडरवर मांडा आणि मग उलटं मोजत या. जूनच्या शेवटी पाऊस झाला की भेंडी, गवार, चवळी आणि कुंपणावर दोडका, भेंडी-गवार दीड-दोन महिन्यात चालू होते म्हणजे दिवाळीच्या आत पोरांना तोडायला मिळते. दिवाळीनंतर मेथी, पालक, मुळा, कोथिंबीर. मेथी महिन्याभरात हातात येते त्यामुळे पहिलं पीक मेथीचंच घ्या, पोरांचा धीर फार टिकत नाही. धने रगडून दोन फाके करून पेरायचे, हे पोरांना करायला द्या, खूप आवडतं त्यांना. फेब्रुवारीनंतर नवीन काही पेरू नका, तुमच्याकडे तर नाहीच नाही.

उन्हाळ्यात टिकणारं म्हणजे शेवगा, कढीपत्ता, पपई. शेवगा चार-पाच झाडं तरी लावाच, पाला आणि शेंगा दोन्ही चालतात. पाण्यासाठी दोन गोष्टी. एक, पोरं जेवल्यावर नळावर ताटं धुतात ते पाणी चर काढून केळी आणि अळूकडे वळवा, साबण कमी वापरायचा एवढं बघा. दोन, मडकं पुरा. साधं भाजलेलं मातीचं मडकं, झिलई नसलेलं, गळ्यापर्यंत जमिनीत पुरायचं, पाणी भरून वर झाकण, ते हळूहळू झिरपतं आणि सुट्टीत गावातल्या कुणीतरी अधूनमधून भरलं तरी झाड तगतं. वर पालापाचोळ्याचं आच्छादन जाड द्या. फवारणीचं विषारी काहीही शाळेच्या आवारात आणायचंच नाही, निंबोळी अर्क पुरे (पाच किलो निंबोळ्यांचा अर्क शंभर लिटर पाण्यात, तुम्हाला याच्या विसाव्या भागाइतका लागेल).

बियाणं शक्यतो गावठी घ्या, संकरित बियाण्याच्या भाजीचं बी पुढच्या वर्षी धरलं तर तसंच पीक येत नाही. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी वाणांचं बियाणं जपलं, त्यासाठी त्यांना 2020 ची पद्मश्री मिळाली. पोरांना त्यांच्याबद्दल जरूर सांगा आणि दोन भेंड्या, दोन दोडके बियाण्यासाठी झाडावरच वाळू द्या. बी राखेत घोळून बरणीत ठेवायचं, बरणीवर पोरांनीच नाव आणि तारीख लिहायची.

माणदेशी_काकू:
खूप खूप आभार दोघांचेही. मुख्याध्यापक बाईंशी बोलले, त्या लगेच हो म्हणाल्या. पण एक पालक म्हणाले की आम्ही रानात राबतोच, पोरांना पण तेच करायला शाळेत पाठवायचं का, त्यांनी शिकावं म्हणून पाठवतो. मला त्यांचं म्हणणं अगदी चूक पण वाटलं नाही. आणि दुसरं म्हणजे मुलग्यांना स्वयंपाक शिकवायचा म्हटलं की काही आया हसतात.

विज्ञानवाली_ताई:
काकू, त्या पालकांचं म्हणणं मनावर घ्याच, कारण ते बरोबर बोलतायत. पोरं नुसती खुरपत आणि बादल्या वाहत बसली तर ती मजुरीच झाली, आणि वर्गात दंगा केला म्हणून बागेत काम दिलं असं तर कधीच होऊ देऊ नका, एकदा शिक्षा म्हणून मातीत हात घातला की संपलं. घरच्या रानात जे होत नाही ते इथे व्हायला हवं. वाफ्याचं क्षेत्रफळ काढायचं, दर शनिवारी रोपाची उंची मोजून आलेख काढायचा, शंभर बिया पेरून किती उगवल्या ते मोजलं की टक्केवारी आलीच. एका वाफ्यात आच्छादन, एकात नाही, आणि फरक का पडला यावर पोरांनी भांडायचं. पाबळच्या विज्ञान आश्रमाने नेमकं हेच केलंय, डॉ. कलबाग यांनी तो 1983 मध्ये सुरू केला आणि तिथून शाळांमध्ये जो मूलभूत तंत्रज्ञानाचा विषय गेला त्यात शेती आणि घर-आरोग्य दोन्ही आहे, शिकवायला गावातलीच जाणती माणसं येतात. तुम्ही त्या पालकांनाच एखाद्या शनिवारी बोलवा, ठिबक जोडायला किंवा वाफे पाडायला. त्यांच्या हातातलं ज्ञान पोरं वहीत उतरवून घेतायत हे त्यांना दिसू दे.

स्वयंपाकाचं म्हणाल तर पहिले काही महिने चूल पेटवायचीच नाही. मटकीला मोड आणणं, कोशिंबीर, दडपे पोहे, शेंगदाणा-गुळाचे लाडू, लिंबू सरबत, यात केवढं शिकायला आहे! पहिली-दुसरीला निवडणं, सोलणं, मळणं, ढवळणं. बिनधारेची सुरी तिसरी-चौथीपासून, तीही काकडी-केळ्यावर, विळी अजिबात नको. मोडाची कडधान्यं लहान पोरांना कच्ची देण्यापेक्षा वाफवून द्या, ती वाफवायचं काम मोठ्यांचं. शेंगदाणा, दूध, तीळ कुणाला चालत नाही हे पालकांकडून आधी लिहून घ्या. हात धुणं, नखं बघणं हा पहिला धडा. चव आधी मोठ्यांनी घ्यायची, पोषण आहारातही वाढण्याआधी शिक्षकांसह दोन-तीन मोठ्यांनी चाखायचा नियम आहेच.

मुलग्यांचा प्रश्न वेगळा काढूच नका. गट तुम्ही पाडा, मुलं-मुली मिसळून, वेगवेगळ्या वस्त्यांची पोरं एका गटात, आणि कामं फिरती ठेवा म्हणजे भांडी घासणं फक्त मुलींकडे किंवा ठरावीक पोरांकडे जात नाही. सगळ्यांनी एकाच परातीतलं खायचं, यावर मात्र तुम्ही अगदी ठाम राहा, कुणी काही बोललं तरी. अजून आपल्याकडे कुणाच्या हातचं खायचं हे बघणारी माणसं आहेत आणि पोरं ते घरूनच शिकून येतात.

गुरुजी_पालघर:
ताईंच्या शेवटच्या मुद्द्याला माझे दोन्ही हात वर. काकू, आणखी एक, तुमच्या जिल्ह्यातल्या कृषी विज्ञान केंद्रात शाळेच्या पत्रावर जाऊन या, भाजीपाल्याचं बियाणं आणि सल्ला मिळतो, माती तपासून घेता येते. काटेरी झुडपं काढायचं काम मात्र पोरांकडून करून घेऊ नका, त्यात सापविंचू असतात, ग्रामपंचायतीला सांगा.

माणदेशी_काकू:
ग्रामपंचायतीत उद्याच जाते. जेवण बनवणाऱ्या ताईंना आज भेटले, त्या म्हणाल्या दुधी लावू नका कुणी खात नाही, गवार आणि मेथी लावा, आणि कढीपत्त्याची दोन रोपं त्या स्वतःच्या घरून आणून देणार आहेत. ते पालक पण वाफे पाडायला येतो म्हणाले, शनिवारी नऊला.