जोडीदाराचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तेव्हा : अनुभव लिहा (कोकण)

खाडीपलीकडची

दोन वर्षं हा धागा काढीन काढीन म्हणत होते. एचआयव्हीची माहिती सगळीकडे आहे, एसटी स्टँडाच्या भिंतीवरसुद्धा आहे. पण ज्या माणसाशेजारी आपण वीस वर्षं झोपतो त्याचा रिपोर्ट हातात आला, की त्या संध्याकाळी चूल कशी पेटवायची हे भिंतीवर लिहिलेलं नसतं. मी त्या दिवशी भात करपवला आणि आम्ही दोघांनी तो मुकाट्याने खाल्ला.

म्हणून विचारते आहे. कोकणातल्या गावात नवीन चपला घेतल्या तरी चौघं विचारतात कितीला पडल्या. तिथे तुम्ही जोडीदाराला कसं सांभाळलंत? आणि तुम्हाला कोणी सांभाळलं? नावं-गावं नकोत. 'पण झाला कसा?' हे ज्यांना विचारायचं आहे त्यांनी दुसरीकडे गप्पा माराव्यात.

आमचं आधी सांगते. आंब्याचा सीझन आटोपला की ह्यांचं हर्नियाचं ऑपरेशन करायचं ठरलं होतं. खासगी दवाखान्यात रक्त घेतलं, कशासाठी ते कोणी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी आत बोलावलं. कंपाउंडर तिथेच उभा. म्हणाले, "हे आमच्याकडे होणार नाही, ह्यांना एचआयव्ही आहे." फाइल हातात दिली. न विचारता ही चाचणी करणं आणि तेवढ्यावरून उपचार नाकारणं, दोन्ही गोष्टी २०१७ च्या कायद्यात बसत नाहीत हे मला कितीतरी नंतर कळलं. त्या दिवशी मी 'थँक्यू डॉक्टर' म्हणून बाहेर आले!

बाहेर हे गाडीला किकवर किक मारत होते. गाडी काही चालू होईना. मग तसेच थांबून म्हणाले, "तू माहेरी जा." मी म्हटलं, "आधी घरी चला, खळ्यात काजूबिया वाळत टाकल्यात, आभाळ आलंय." ते वाक्य ह्यांना अजून पाठ आहे. मला तेव्हा खरंच बियांची काळजी होती, मोठेपणा वगैरे काही नव्हता.

सरकारी आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्हीच्या तपासणी-समुपदेशन केंद्रात, परत तपासलं. तिथे एका किटवर ठरवत नाहीत, तीन वेगवेगळ्या किटवर बघतात. माझीही तपासणी झाली. निगेटिव्ह. तीन महिन्यांनी पुन्हा केली, तीही निगेटिव्ह. ह्यांना इतका आनंद झाला की डोळे भरून आले, आणि मला मात्र लाज वाटली. का ते अजून नीट सांगता येत नाही. परीक्षेत शेजारची नापास व्हावी आणि आपण पास, तसं काहीतरी.

राग नव्हता असं समजू नका. सहा महिने होता. तो समुपदेशक मॅडमच्या खोलीत काढायचा असं मी ठरवलं होतं. घरी निघालाच, पण बराचसा तिथेच संपायचा.

कोणी बघायला नको म्हणून सुरुवातीचे चार महिने आम्ही गोळ्यांसाठी कोल्हापूरला जात होतो. गावात सांगायचं, डोळ्यांचे डॉक्टर तिकडचे चांगले. जुलैत आंबा घाटात दरड आली आणि एसटी साखरप्यावरून परत फिरली. घरी तीन गोळ्या शिल्लक होत्या. त्या रात्री हिशोब केला की लाज परवडेल, पण गोळी चुकलेली परवडणार नाही. मग आपल्याच जिल्ह्याच्या एआरटी केंद्रात, म्हणजे ह्या गोळ्या मिळतात तिथे, नाव बदलून घेतलं. पहिल्याच दिवशी रांगेत पुढे कोण? शेजारच्या वाडीतले एक गृहस्थ. त्यांनी मला बघितलं, मी त्यांना. क्षणभराने म्हणाले, "पाऊस काय म्हणतो तुमच्याकडे?" मी म्हटलं, "बरा आहे." तेवढंच.

आता तुम्ही लिहा.

जाळंवाली

आमचा नवरा बोटीवर खलाशी. आठ-आठ दिवस समुद्रात. रिपोर्ट आला तेव्हा माझ्या डोक्यात पहिला प्रश्न हाच, की बोटीवर दहा माणसांत हा गोळी घेणार कसा. ती डबी खुळखुळते हो! तीस गोळ्यांची डबी, खिशात टाकली की घुंगरू. मी वर कापूस भरून दिला आणि बाहेरचं लेबल सोलून टाकलं. गोळ्या दुसऱ्या डबीत ओतू नका असं केंद्रातल्या ताईंनी बजावलं होतं. आतली ती छोटी पुडी ओल खेचून घेते, आणि समुद्रावर ओल किती ते काय सांगायचं.

रात्री नऊचा गजर लावला. रेंज नसली तरी गजर वाजतोच. फोनवर त्याचं नाव ठेवलंय 'बर्फ'. तांडेल म्हणतो, ह्याला बर्फाची भारी काळजी.

खरी पंचाईत जून-जुलैत, मासेमारी बंद असते तेव्हा. घरी बसला की बाटली, आणि बाटली असली की गोळी विसरली. एका बंदीत व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूंचा आकडा, वर गेला, हजाराच्या पुढे. मी रडले, भांडले, त्याच्या आईसमोर बोलून गेले असते, थोडक्यात वाचले. केंद्रात कोणी ओरडलं नाही. दर महिन्याला बोलावून बोलले, तीन महिन्यांनी परत तपासलं. उतरला. त्यानंतर आमचा करार झालाय : आधी गोळी, माझ्या समोर, मग तुझं काय ते. दारू सुटली नाही. सगळं एकदम होत नाही.

शिमग्याला येणारा

मी पुरुष म्हणून लिहितोय आणि दोषी म्हणूनही लिहितोय, तेव्हा जे बोलायचं ते बोला.

बायकोला तिसरा महिना होता. ग्रामीण रुग्णालयात गरोदर बायकांची सगळी तपासणी होते, त्यात तिचा आला. मी मुंबईत, कंपनीच्या खोलीवर. फोनवर ती फक्त म्हणाली, "तुम्ही या." माझ्या आईने तोवर निष्कर्ष काढला होता की सुनेच्या माहेरून काहीतरी आलं. आणि मी, रात्रीच्या गाडीत रत्नागिरी येईपर्यंत जागा होतो, मला माहीत होतं कुठून आलं. तपासल्यावर माझाही पॉझिटिव्ह.

आधार द्यायचा म्हणजे काय, तर मला एकच गोष्ट करायची होती आणि ती करायला मला अकरा दिवस लागले. आईला सांगितलं की तिच्याकडून नाही, माझ्याकडून. पडवीत सांगितलं, उभ्याने. आई चार दिवस माझ्याशी बोलली नाही, पण त्याच संध्याकाळी बायकोच्या ताटात तुपाची धार पडली. रिपोर्ट आल्यापासून ती बंद होती. ते अकरा दिवस तिने कसे काढले हे मी आजवर विचारलेलं नाही. हिंमत होत नाही.

बाळाचं सांगतो, कारण बाळंतपणापर्यंतच्या त्या महिन्यांत मी हेच शोधत होतो. काहीच उपचार झाले नाहीत तर शंभरातल्या १५ ते ४५ बाळांना लागण होऊ शकते, आईने गोळ्या नीट घेतल्या तर पाचाच्याही खाली. तिने एकही चुकवली नाही. जन्मल्यावर बाळाला सहा आठवडे नेव्हिरॅपिनचं औषध. मग टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन कागदावर वाळवून तपासायला पाठवतात. पहिले सहा महिने फक्त अंगावरचं दूध, वरचं पाणीसुद्धा नाही. शेजारच्या काकू मधाचं बोट लावायला आल्या तेव्हा माझी आईच आडवी झाली. अठराव्या महिन्याला शेवटची तपासणी. निगेटिव्ह. गेल्या शिमग्यात पालखी दारात आली तेव्हा पोरगी माझ्या खांद्यावर होती आणि ढोल ऐकून भोकाड पसरून रडत होती.

जुनी खोड

तुमचं वाचून बरं वाटतंय आणि हेवाही वाटतोय. आमचे हे लालबागला कामाला होते, २००१ साली आजारी होऊन गावी आले. तेव्हा ह्याला 'मुंबईचा आजार' म्हणत. घरच्यांनी त्यांची खाट गोठ्याशेजारी टाकली, ताट-तांब्या वेगळा. मी त्याच ताटात जेवायचे. प्रेमाने नव्हे, हट्टाने. औषध होतं म्हणे, पण ते आमच्यासारख्यांच्या खिशात मावणारं नव्हतं. सरकारने फुकट गोळ्या सुरू केल्या १ एप्रिल २००४ ला. हे त्याच्या आधी दीड वर्ष गेले.

मग माझा निघाला. त्या काळी सीडीफोर, म्हणजे रक्तातल्या रोगाशी लढणाऱ्या पेशी, २०० च्या खाली उतरल्याशिवाय गोळ्या देत नसत. म्हणजे पुरेशी आजारी पडेपर्यंत थांबायचं. २०१७ पासून तसं राहिलं नाही, रिपोर्ट आला की लगेच सुरू. मी दादर पॅसेंजरने जेजेला जायचे, डब्यात भाकरी आणि सुकी चटणी. बरोबर येणारं कोणी नव्हतं. तेव्हा ज्यांना बरोबर येणारं माणूस आहे त्यांनी त्याला खिडकीची जागा द्यावी, एवढंच.

रिपोर्ट आल्यावर माणूस मरायच्या तयारीला लागतो. सातबारा काढतो, पोरीच्या लग्नाची घाई करतो. ते करू देऊ नका. माझ्याकडे बघा, साठी उलटली, गुडघे सोडून काही दुखत नाही.

दोघांपैकी एक

आम्ही दोघंही पुरुष, कुडाळच्या आसपास. रिपोर्ट त्याचा आला, माझा नाही. ओरोसला नाव नोंदवताना 'सोबत कोण' विचारलं, मी म्हटलं मित्र. तिथल्या ताईंनी वर बघितलं, 'मित्र' लिहिलं आणि पुढचं सगळं समजावताना आम्हा दोघांकडे बघून बोलल्या. त्या दिवशी मला एवढं पुरलं.

त्याने महिनाभर मला जवळ येऊ दिलं नाही. टॉवेल वेगळा, कप वेगळा, हे सगळं त्याने स्वतःच स्वतःला केलं. मी आकडे वाचून दाखवायचो. युरोपात ७८२ पुरुष जोडप्यांचा अभ्यास झाला, प्रत्येक जोडीतला एक पॉझिटिव्ह, गोळ्यांनी त्याचा व्हायरल लोड २०० च्या खाली. २०१९ साली निकाल आला : जोडीदाराकडून जोडीदाराला लागण शून्य. तो ऐकायचा आणि कप धुवून वेगळा ठेवायचा. आकड्याने डोकं पटतं, हात नाही पटत. सहाव्या महिन्याला त्याचा स्वतःचा कागद आला, विषाणू सापडले नाहीत, तेव्हा त्याने माझ्या कपातला चहा प्यायला. अर्धा. उरलेला परत दिला.

माझं कोणाशी बोलायचं हा प्रश्न होता. १०९७ ला फोन केला, फुकट आहे, नाव सांगावं लागत नाही. गाडीत बसून, काचा वर करून, चाळीस मिनिटं.

गणपतीत तो आमच्या घरी असतो, 'मुंबैचो मित्र'. आईने एकदा विचारलंच, "रोज रातीक खयची गोळी घेता रे तो?" म्हटलं, व्हिटामिनची. आई म्हणाली, "मगे तूय घे, सुकलंस बघ."

नवीन सभासद

मध्येच विचारते, माफ करा. बायकोला... म्हणजे मी माझ्या वहिनीसाठी विचारतेय, तिला एचआयव्हीची डॉल्युटेग्राविर गोळी चालू आहे आणि डॉक्टरांनी कॅल्शियम, लोहाच्या गोळ्याही दिल्यात. एकत्र चालतात का?

औषधांचं दुकान

जेवणाबरोबर घेतल्या तर कॅल्शियम, लोह एकत्र चालतं. उपाशीपोटी असेल तर डॉल्युटेग्राविर दोन तास आधी किंवा सहा तास नंतर. पित्तावरच्या ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमच्या औषधांना मात्र जेवण असो-नसो, हेच अंतर ठेवा. आणि वहिनी जे काही घेते ते केंद्रात दाखवा, आयुर्वेदिकसुद्धा. लोक तेच लपवतात. टीबीचं औषध चालू झालं तर नक्की सांगा, तेव्हा ह्या गोळीचा डोस वाढवावा लागतो.

माहेरी गेलेली

सगळ्या राहिलेल्यांचे अनुभव आहेत म्हणून लिहिते. मी नाही राहिले. रोगामुळे नाही, तो आधी तीन वर्षं माहीत असून बोलला नव्हता म्हणून. गावात लोक म्हणाले, आजारी नवऱ्याला टाकून गेली. त्यांना खरं कारण सांगायचं तर त्याचं गुपित फोडावं लागलं असतं. ते मी फोडलं नाही, अजूनही नाही. एसटीचा सवलतीचा पास त्याला मिळू शकतो, कागद करायला मीच मदत केली. तो वापरत नाही, कंडक्टर वाडीतला आहे.

ह्याला आधार म्हणतात की नाही माहीत नाही.

खाडीपलीकडची

@माहेरी गेलेली, माझ्या मते म्हणतात. तुमचं वाचून मी मघाशी उठून अंगणात एक फेरी मारून आले. राहिलेलीचंच कौतुक होतं, आणि ते दरवेळी बाईनेच राहायचं असतं, हे मला धागा काढताना सुचलं नव्हतं.

ह्यांचं ऑपरेशन सरकारी रुग्णालयात झालं, सुखरूप. टाके काढताना सिस्टर म्हणाल्या, आंबे पाठवा. पाठवले.

आणि एक राहिलं. ते रांगेतले गृहस्थ. आता आम्हाला तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळतात, त्यांचीही तारीख तीच असते. ह्या खेपेला दिसले नाहीत. मी उगाच दार उघडलं की बघत होते. विचारणार कोणाला आणि काय म्हणून? परवा आठवड्याच्या बाजारात त्यांची बायको भेटली, सुक्या बांगड्यांचा भाव करत होती. आमची ओळख नाही. मी शेजारी उभी राहिले आणि म्हटलं, "पाऊस काय म्हणतो तुमच्याकडे?"

तिने हातातला बांगडा खाली ठेवला. म्हणाली, "चार दिवस ताप होता. आता उतरलाय. सोमवारी येऊ."