वाट वाकडी असली तरी काम तेवढंच
एका पोराचा प्रश्न आहे की ५ मायक्रोकुलॉम चार्ज (म्हणजे विद्युतभार; कुलॉम हे त्याचं माप, मायक्रो म्हणजे त्याचा दहा लाखावा भाग) २० व्होल्टवरून १२० व्होल्टला न्यायचा, काम किती, आणि वाकड्या वाटेनं नेला तर वाढतंय का. उत्तर बरोबर दिलंय सगळ्यांनी, पण वाटेचं कुणी सांगितलंच नाही की.

आपला बेळगावजवळच्या येळ्ळूरचा राजहंसगड बघा. गाडीरस्त्यानं वळणं घेत जावा नाहीतर सरळ खडी वाट धरा, उंची तेवढीच, म्हणून गुरुत्वाकर्षणाविरुद्धचं काम पण तेवढंच (घाम कमीजास्त येतोय ते वेगळं). चार्जचं पण तस्संच, फक्त दोन टोकांच्या व्होल्टेजमधला फरक धरायचा. १२० मधनं २० गेले १००, त्याला ५ मायक्रोकुलॉमनं गुणलं की ०.०००५ ज्यूल, म्हणजे अर्धा मिलिज्यूल, झालं. आमच्या शेजारची पोरगी दहावीला आहे, ती सरळ १२० नं गुणालती आणि मायक्रो तर पार विसरलेली, ६०० ज्यूल काढून बसली!

आणि चार्ज ऋण असला तर चिन्ह उलटं होतंय, वजा अर्धा मिलिज्यूल, म्हणजे आपल्याला ढकलायला नको, उलट धरून धरून न्यायला लागतंय, उतारावर सायकलचा ब्रेक दाबतो तसं.

मोबाईलवर पण करून बघा. ४००० एमएएच (मिलिअँपिअर-तास) बॅटरी म्हणजे ४ अँपिअर गुणिले तासाचे ३६०० सेकंद, १४,४०० कुलॉम, गुणिले ३.७ व्होल्ट, साधारण ५३,००० ज्यूल. ६० किलोचा माणूस ९० मीटर वर उचलायला जवळजवळ तेवढीच ऊर्जा लागते. अन् ती आपण रील बघत संपवतो बे!